शेतात राहतो, पिस्तुलाचा परवाना मिळालाय. मनाची तयारी कशी करू?

तुम्ही जिंतूर तालुक्यात, गावापासून लांब, आखाड्यावर म्हणजे शेतातल्या घरात बायको-लेकरांसह राहता. परवाना हातात आलाय, पिस्तूल घ्यायचंय. वेळ आली तर आपल्याच्यानं होईल का आणि सावध राहायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सैन्यातून निवृत्त झालो, आता परभणी भागात बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीवर बारा बोअरची बंदूक घेऊन असतो. त्या अनुभवातून सांगतो. नेमबाजीबद्दल फार बोलणार नाही, ते रेंजवर उस्तादाकडूनच शिका.

पहिल्यांदा पिस्तूल कशासाठी काढायचं नाही ते ठरवा, आणि ते दिवसाउजेडी, शांत डोक्यानं ठरवा. विहिरीवरची मोटार, केबल, सोयाबीनची पोती, शेळी. यांच्यासाठी नाही. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम 34 ते 44 खाजगी बचावाच्या हक्काबद्दल आहेत, ती एकदा वकिलाकडून समजून घ्या. नुसत्या चोरीसाठी जीव घ्यायचा हक्क तुम्हाला नाही. आपल्याला ठार मारतील किंवा जबर जखमी करतील अशी रास्त भीती वाटावी, अशी परिस्थिती लागते. जबरी चोरी आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी कलम 41 मध्ये येते खरी, पण बचावाला लागते त्याहून जास्त इजा करायची नाही, ही कलम 37 ची अट तिथंही सुटत नाही. चोर पाठ फिरवून पळाला की तुमच्या जिवाची भीती संपली. त्यानंतर झाडलेल्या गोळीला बचाव म्हणणं फार अवघड. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की, हल्ला होत असताना माणसानं प्रतिकार तराजूत तोलून करावा अशी अपेक्षा धरता येत नाही; पण हा हक्क बचावासाठी आहे, सूड घ्यायला नाही, हेही त्यातच आहे.

हे आधी यासाठी सांगितलं की ऐन वेळी विचार करायला डोकं शिल्लक राहत नाही. छाती धडधडते, नजर एका जागी खिळते, बाजूचं दिसत नाही, कधी कधी ओरडलेलंही ऐकू येत नाही. बोटं इतकी थरथरतात की फोनवर 112 दाबणं जमत नाही. हे भित्र्या माणसालाच होतं असं नाही, सगळ्यांना होतं. चार मोजत श्वास आत, चार मोजत बाहेर, याची सवय आत्तापासून लावा. आणि फोन करायचं काम वहिनींकडे द्या, तुमच्याकडे नको.

सावधपणाबद्दल जेफ कूपर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाची रंगांची पद्धत जगभर शिकवतात. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे निवांत, पण डोळे उघडे. नारिंगी म्हणजे एखादी ठरावीक गोष्ट खटकली, तिच्यावर लक्ष. लाल म्हणजे, त्यानं अमुक केलं तर मी तमुक करणार, हे ठरलं. दिवसभर नारिंगीत राहू नका, माणूस चिडका होतो आणि घरच्यांना त्रास होतो. पिवळं पुरतं. मोंढ्यातून आडत्याकडून पैसे घेऊन निघालात की दुकानाच्या दारातच नोटा मोजत उभं राहू नका. तीच मोटारसायकल दोन वळणांनंतरही मागं दिसली तर घराकडे न वळता पेट्रोल पंपावर किंवा ठाण्यासमोर जाऊन थांबा.

रात्रीचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे शेतीची लाईट पाळीनं येते, रात्रीची पाळी असली की माणसं दोन वाजता पाणी द्यायला बाहेर असतात. बांधावर हलणारी बॅटरी बहुधा शेजाऱ्याचीच असते. डीपीवर फ्यूज टाकायला आलेला, दारू पिऊन वाट चुकलेला, लघवीला उठलेला तुमचाच सालगडी, यातलं कोणीही असू शकतं. म्हणून दार न उघडता आतून मोठ्यानं “कोण आहे?” विचारायचं, नाव सांगू द्यायचं, बाहेरचा दिवा लावायचा. चेहरा दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागं कोण झोपलंय हे कळल्याशिवाय बोट ट्रिगरवर जायलाच नको. पत्र्यातून गोळी सरळ पार होते, पलीकडे गोठा असो की पोरं.

आता अंतर. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर या पोलीस प्रशिक्षकानं 1983 मध्ये दाखवून दिलं की, हातात सुरा असलेला माणूस 21 फूट साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्याच वेळात सरावलेला पोलीस जेमतेम पिस्तूल काढून गोळी झाडतो. काही लोक याचा अर्थ 21 फुटांच्या आत आलेल्यावर गोळी झाडायची मुभा असा घेतात, तो साफ चूक आहे. तुमच्या अंगणाची लांबी मोजा. एवढीच भरली तर तुमचं खरं काम दाराची कडी, कुंपण आणि कुत्रं करणार आहे. कारण तुम्हाला लागणार आहे तो वेळ. माझं मत विचाराल तर पहिला खर्च पिस्तुलाच्या आधी चांगल्या लोखंडी दारावर आणि दोन भुंकणाऱ्या गावठी कुत्र्यांवर करा.

घरात बसून एकदा सगळं बोलून घ्या. आवाज आला तर पोरं कोणत्या खोलीत जातील, फोन कोण लावेल, ठाण्याच्या माणसाला रस्ता कसा सांगायचा. आखाड्याला पत्ता नसतो, त्यामुळे शाळा, मारुतीचं देऊळ, कॅनॉल अशी खूण ठरवून ठेवा. गावात ग्रामसुरक्षा दल असेल तर त्यांचे नंबर भिंतीवर लिहा. पोलीस येतील तेव्हा पिस्तूल हातात नको, खाली ठेवा आणि आल्या आल्या ते कुठं आहे ते सांगा.

परवान्याचा रुबाब करू नका. 2024 अखेरीस बीड जिल्ह्यातल्या परवान्यांवरून केवढा गदारोळ झाला आणि पुढं पडताळणीत कितीतरी परवाने रद्द झाले, हे तुम्ही वाचलंच असेल. लग्नात हवेत बार काढणं शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि निवडणूक लागली की अनेकांना शस्त्र ठाण्यात जमा करायला लावतात. ते आठवडे तुम्हालाही पिस्तुलाशिवाय काढावे लागू शकतात, तेव्हा वर सांगितलेलं दार, दिवा, कुत्री आणि फोन आधी करून घ्या, पिस्तूल नंतर आणा.