नागपुरात एनजीओत फील्डवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात खरंच काही अधिकार असतो का?

फार कमी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा मी एका संस्थेत फील्डला होते. चिखलातून फिरून याद्या केल्या, कोणाची गादी गेली, कोणाची शिलाई मशीन, आणि वरून फोन काय तर ठरलेलंच मदतीचं किट द्या, फोटोत बॅनर दिसू द्या. लोकांना कोरडं अंथरूण हवं होतं, ते किटमध्येच नव्हतं. बोलणी आम्हीच खाल्ली, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत आम्हालाच जायचं होतं ना.

मूळ पैशात आहे. २०१६ च्या ग्रँड बार्गेन या संकटकाळातल्या मदतीबद्दलच्या जागतिक करारात मोठ्या देणगीदारांनी आणि मदत संस्थांनी २०२० पर्यंत २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना द्यायचं कबूल केलं, ते गाठलंच नाही. आपल्याकडे २०२० मध्येच एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, मोठ्या संस्थेने परदेशी निधी छोट्या संस्थेला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, मग छोट्या संस्थेने हिशेबाचा माणूस ठेवायचा कसा?

जॉईन करणार असाल तर कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, विमा आहे का आणि किटमध्ये काय द्यायचं ते कोण ठरवतं, एवढं आधीच विचारा.