६०च्या मर्यादेत ८०ने गाडी चालवली तर एवढं काय बिघडतं?

खूप बिघडतं: ६०ची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे ८०ची गाडी अजून ताशी ६० किमीच्या आसपास धावत असते. समोर अचानक मूल आलं, तर पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ६०ची गाडी १७ मीटर पुढे जाते, ८०ची २२. त्यानंतर ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून पहिली एकूण ३७ मीटरमध्ये उभी राहते आणि दुसरीला ५७-५८ मीटर लागतात. ते मूल ४० मीटरवर असेल तर एका गाडीपासून वाचतं, दुसरीपासून नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर १० किमीमागे अडीच मिनिटांसाठी!

कायद्याचं म्हणाल तर नुसता वेग पकडला गेला की बहुतेक ठिकाणी दंड, पुन्हा पुन्हा झालं तर परवाना निलंबित. कोणी दगावलं तर मात्र फौजदारी खटला, आणि ‘हेतू नव्हता’ म्हणून सुटका होईलच असं नाही. निष्काळजीपणाही गुन्हाच ठरतो.

हे आकडे कोरडा रस्ता, चांगले टायर आणि जागरूक चालक धरून आहेत. पावसात अंतर आणखी वाढतं.