बंदीची मुदत संपल्यावर निवड चाचणी नाकारता येते का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील पैलवान असून माझे वय २५ वर्षे आहे. एका राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या माझ्या नमुन्यात बंदी असलेले स्टेरॉइड सापडले. जिममधल्या एकाच्या सांगण्यावरून मी त्या गोळ्या घेतल्या होत्या. आरोपाची नोटीस येताच मी चूक कबूल केली, त्यामुळे ‘नाडा’ने (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने) चारऐवजी तीन वर्षांची बंदी घातली. ती पाच महिन्यांनी संपते. जिल्हा संघटनेचे पदाधिकारी मात्र तोंडी सांगतात, की डोपिंगमध्ये सापडलेल्या मल्लाला पुन्हा निवड चाचणीत उतरवायचे नाही, असा आमचा ठराव झाला आहे. त्यांना तसा अधिकार आहे का? बंदीच्या चौदाव्या महिन्यात वैतागून मी संघटनेला ‘कुस्ती सोडली’ असा ई-मेल पाठवला होता आणि गेल्या वर्षी गावच्या जत्रेत एक कुस्ती धरली होती. त्याने काही अडेल का?

उत्तर : आपण ज्या प्रश्नाला पहिले स्थान दिले आहे, त्याचे उत्तर आपल्या बाजूचे आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मात्र मला त्याहून गंभीर वाटतात, आणि त्या नीट हाताळल्याशिवाय आपण संघटनेविरुद्ध एकही पत्र लिहू नये, असा माझा सल्ला आहे.

आधी संघटनेच्या ठरावाविषयी. ‘नाडा’चे २०२१ चे नियम जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संहितेवरून घेतलेले आहेत. कोणत्या दोषाला किती शिक्षा हे त्या संहितेच्या दहाव्या कलमात ठरवून दिले आहे, आणि त्या कलमाच्या आशयात फेरफार करण्याची मुभा संहिता स्वीकारणाऱ्या संस्थांना दिलेली नाही. जाणूनबुजून केलेल्या स्टेरॉइड सेवनाला चार वर्षे आणि नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत दोष व शिक्षा दोन्ही मान्य केल्यास एक वर्षाची सूट, हे मोजमाप त्यातलेच आहे. आपल्याला झालेली तीन वर्षे याच हिशेबाने आली आहेत. त्या मुदतीच्या पुढे एखादी संघटना केवळ जुन्या दोषासाठी दार बंद ठेवत असेल, तर ती दुसरी शिक्षा ठरते, मग तिला ठरावात ‘पात्रतेची अट’ असे नाव दिलेले असो.

हा वाद जगात याआधी निकालात निघाला आहे. सहा महिन्यांहून अधिक बंदी भोगलेल्या खेळाडूला त्यानंतरच्या ऑलिंपिकमध्ये प्रवेश नाही, असा नियम आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००८ मध्ये केला होता. अमेरिकेचा ४०० मीटर धावपटू लाशॉन मेरिट याची बंदी संपूनही तो या नियमात अडकत होता. लोझानच्या क्रीडा लवादाने २०११ मध्ये हा नियम रद्द केला, कारण तो नावाने पात्रतेचा असला तरी परिणामाने शिक्षेचा होता आणि ऑलिंपिक समितीने स्वतःच स्वीकारलेल्या संहितेच्या विरोधात जात होता. ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेचा दोषी खेळाडूंना आजन्म ऑलिंपिकबाहेर ठेवणारा नियमही एप्रिल २०१२ मध्ये याच कारणाने टिकला नाही. याच नियमाविरुद्ध ब्रिटिश धावपटू ड्वेन चेंबर्सला २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला होता. चार वर्षांनी लवादाच्या निकालामुळे तो लंडन ऑलिंपिकमध्ये धावला. जे ऑलिंपिक समितीला करता आले नाही, ते जिल्हा संघटनेला करता येईल असे मला वाटत नाही.

आपल्याकडचे उदाहरण आपल्याला ठाऊक असेलच. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांच्यावर १८ ऑगस्ट २०१६ रोजी रिओत क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली, आणि ती भोगून झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये बेलग्रेडच्या विश्वचषक स्पर्धेत ते भारताकडून उतरले.

तरीही संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या मनात काय आहे, हे आपण समजून घ्यावे. आपण ज्या वजनगटात लढलात, त्या गटात खुराक आणि मेहनतीवर उभा राहिलेला, कधीही गोळीला हात न लावलेला कोणी मल्ल हरलेला असेल, आणि ते वर्ष त्याला कोणी परत देणार नाही. स्टेरॉइडने कमावलेली ताकद बंदीच्या शेवटच्या दिवशी अंगातून निघून जातेच असे नाही, हा आक्षेपही पोकळ नाही. मी या बाजूला वजन देतो. पण त्यावरचा उपाय शिक्षेचे मोजमाप बदलण्याचा आहे, आणि ते काम संहिता घडवणाऱ्यांचे आहे. प्रत्येक जिल्ह्याने आपापल्या रागाप्रमाणे मोजमाप ठरवले, तर एकाच चुकीला सांगलीत आजन्म आणि शेजारच्या जिल्ह्यात तीन वर्षे अशी स्थिती येईल. शिवाय दुसऱ्या चुकीसाठी कायदा पुरेसा कठोर आहे. धावपटू प्रियांका पनवार २०११ च्या प्रकरणातील बंदी भोगून परतल्या, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या चमूत होत्या, आणि २०१६ मध्ये पुन्हा दोषी आढळल्यावर त्यांना आठ वर्षांची बंदी झाली.

आपल्या हक्काची मर्यादाही स्पष्ट असू द्या. चाचणीत उतरण्याची संधी आपण मागू शकता. निवड मात्र कुस्ती जिंकूनच मिळेल. तसेच खासगी मैदानाच्या आयोजकाने आपली जोड लावली नाही, तर त्याला न्यायालय भाग पाडणार नाही.

आता त्या ई-मेलकडे येतो. संहितेच्या ५.६.२ या कलमानुसार बंदी चालू असताना निवृत्त झालेल्या खेळाडूला परत यायचे असेल, तर त्याने आधी लेखी सूचना देऊन स्वतःला चाचण्यांसाठी उपलब्ध ठेवावे लागते, आणि तोवर राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरता येत नाही. ही सूचना किमान सहा महिन्यांची असते. मात्र निवृत्तीच्या दिवशी बंदीचा याहून अधिक काळ शिल्लक असेल, तर सूचनाही तितक्याच काळाची लागते. आपला ई-मेल चौदाव्या महिन्यातला, म्हणजे बावीस महिने शिल्लक असतानाचा आहे. ती निवृत्ती धरली गेली, तर आज सूचना देऊनही आपल्याला बावीस महिने थांबावे लागेल, आणि पाच महिन्यांचा आपला हिशेब कोसळेल. आपल्या बाजूने मुद्दा असा आहे, की निवृत्ती बंदी घालणाऱ्या संस्थेला लेखी कळवायची असते, आणि आपण तर फक्त संघटनेला उद्वेगाने चार ओळी लिहिल्या. हा मुद्दा मला भक्कम वाटतो, तरी त्यावर विसंबून गप्प बसू नका. याच आठवड्यात ‘नाडा’ला स्पीड पोस्टने आणि ई-मेलने पत्र पाठवून तीन गोष्टी विचारा : बंदी नेमकी कोणत्या तारखेला संपते, तात्पुरत्या निलंबनाचा काळ त्यात वजा धरला आहे का, आणि आपल्या नोंदीत निवृत्ती दाखवली आहे का. त्याच पत्रात, आपण निवृत्त झालो नव्हतो हे म्हणणे कायम ठेवून, सावधगिरी म्हणून परतण्याची सूचनाही आजच्या तारखेने द्या, म्हणजे मुद्दा विरुद्ध गेला तरी एक दिवसही वाया जाणार नाही. बंदीच्या काळातही आपल्या नमुन्यांची मागणी होऊ शकते. तपासणी अधिकारी दारात आल्यास नकार देऊ नका.

जत्रेतल्या कुस्तीबद्दल सगळे एका गोष्टीवर ठरेल : ते मैदान कोणी भरवले होते? बंदीच्या काळात महासंघ, राज्य व जिल्हा संघटना आणि त्यांच्याशी संलग्न तालमी यांनी भरवलेल्या किंवा मान्यता दिलेल्या कुठल्याही स्पर्धेत कोणत्याही नात्याने भाग घेता येत नाही. निव्वळ गावच्या यात्रा समितीने भरवलेला फड या व्याख्येबाहेर राहू शकतो. मात्र हँडबिलावर तालीम संघाची मान्यता छापलेली असेल, तर मूळ बंदीइतकी, म्हणजे आणखी तीन वर्षांची बंदी मागे लागू शकते. दोषाचे स्वरूप पाहून ती कमी करण्याची, केवळ ताकीद देण्याचीही तरतूद आहे. ते हँडबिल, फलकाचे छायाचित्र आणि इनामाची नोंद जशी असेल तशी जपून ठेवा आणि वकिलांना दाखवा. ‘मी लढलोच नाही’ असे प्रतिज्ञापत्र करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. मैदानाचे चित्रीकरण आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते, आणि खोटे प्रतिज्ञापत्र हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे.

‘नाडा’चे उत्तर हाती आल्यावर संघटनेकडे वळा. तोंडी नकारावर न्यायालयात फार काही उभे राहत नाही, म्हणून बंदी संपल्याची तारीख देऊन चाचणीत नाव घेण्याचा लेखी अर्ज करा, ठरावाची प्रत मागा आणि अर्जाची प्रत राज्य संघटनेलाही पाठवा. उत्तर नकारात्मक आले किंवा आलेच नाही, तर चाचणीच्या तारखेची वाट न पाहता रिट याचिकेचा विचार करावा. सार्वजनिक स्वरूपाचे काम करणाऱ्या क्रीडा संस्थेविरुद्ध राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट नियामक मंडळाच्या संदर्भात २००५ मध्ये सांगितले आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसत असल्याने सांगलीकरांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. याचिका दाखल करण्याच्या वेळी वाद तिकडे न्यावा लागेल का, हे आपल्या वकिलांनी पाहून घ्यावे.

सरावाविषयी आपण विचारले नाही, पण चूक बहुधा तिथेच होते. संलग्न तालमीत परतण्याची मुभा बंदीचे शेवटचे दोन महिने किंवा एकूण मुदतीचा शेवटचा चौथा भाग, यांपैकी जे कमी असेल तेवढीच असते. आपल्याबाबतीत ते दोन महिने होतात, म्हणजे अजून तीन महिने तालमीच्या मातीत उतरू नका, वस्तादांच्या सांगण्यावरून लहान मुलांना डाव शिकवायलाही नाही. घरच्या अंगणातले जोर-बैठका आणि रानातले धावणे यांना कसलीही आडकाठी नाही. दोन महिन्यांची तारीखही ‘नाडा’च्या पत्रातून लेखी घ्या आणि वस्तादांना दाखवूनच लंगोट बांधा.