बेताच्या पैशांत जुन्या शिडाच्या नौकेवर नीट राहता येते का? नागपूरहून कूलर न्यावा का?

आपण नागपुरात राहता, हाती पुंजी बेताची आहे, आणि सव्वीस-सत्तावीस फुटी जुनी फायबरग्लासची शिडाची नौका घेऊन गोवा किंवा कोचीकडे तीवर मुक्काम करण्याचा आपला विचार आहे. मीही नागपूरचाच असून अशा नौकेवर काही हंगाम राहिलेलो आहे, म्हणून लिहितो.

कूलरपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे मे महिन्यात कूलर गारवा देतो तो कोरड्या हवेच्या जिवावर. वाळ्याच्या ताटीतले पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेते. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यामुळे तिथे कूलर गारवा फारसा देत नाही, ओल मात्र वाढवतो, आणि लहान नौकेवर माणूस उष्म्यापेक्षा ओलीनेच अधिक कावतो. त्याऐवजी बूम नावाच्या आडव्या काठीवरून डेकभर सावली होईल असे घट्ट विणीचे जाड कापड ताणावे. अंगणावर बांधतो ती हिरवी जाळी तिथे पुरत नाही, कारण पाऊस तिच्यातून सरळ खाली येतो. नांगरावर असलेली नौका, प्रवाह जोराचा नसेल तर, आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे नाळेकडचे, म्हणजे पुढच्या टोकाकडचे, झाकण उघडले की वारा थेट केबिनमध्ये शिरतो. मरीनात, म्हणजे नौका बांधून ठेवण्याच्या भाड्याच्या धक्क्यावर, बांधलेल्या नौकेला ही सोय नाही आणि भाडे वर द्यावे लागते. नांगरावर राहणे स्वस्तही पडते आणि थंडही. अर्थात नांगर व साखळी चांगली हवी, तिथे काटकसर नको.

जुनी नौका बघायला जाल तेव्हा रंग आणि गाद्या बघण्यात वेळ न घालवता प्लॅस्टिकच्या हातोडीने डेकवर जागोजागी ठोकून पाहावे. पुष्कळ जुन्या नौकांच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड असते; ते शाबूत असेल तर टणक आवाज येतो, कुजले असेल तर बद्द. पाणी शिरते ते बहुधा कठड्याच्या खांबांच्या बोल्टांजवळून, आणि खाली नेमके आपले अंथरूण असते. बोल्ट काढून, छिद्र पूर्ण वाळवून, ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) लावून पुन्हा आवळणे हे काम कोणालाही शिकता येते, मात्र ते एकेका बोल्टाचे आणि कंटाळवाणे आहे. कापसाची गादी नेऊ नये; ती ओल धरते आणि वास मारू लागते. फोम घ्यावा आणि त्याखाली लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते.

पाण्याच्या पातळीखाली नौकेतून बाहेर जाणाऱ्या नळ्यांचे सगळे व्हॉल्व्ह स्वतः उघडून-मिटून पाहावेत. दीड इंची नळी दोन फूट खोलीवर तुटली तर मिनिटाला १०० लिटरहून अधिक पाणी आत येते, त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी छिद्रात ठोकून बसवायला त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली असावी. गॅसचे सिलिंडर केबिनमध्ये नको, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचतो आणि एका ठिणगीने भडकतो.

विजेचे फारसे अवघड नाही. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची, असे धरून चालावे. एलईडी दिवे, १२ व्होल्टचे दोन पंखे आणि मोबाइल यांना १०० वॉटचे एक सोलर पॅनल बहुतेक दिवशी पुरते. फ्रिज घेतला की सगळे गणित बदलते, तेव्हा तो घेऊच नये. कुकरमधले वरण-भात नौका हलली तरी सांडत नाही. सावजी रस्सा मात्र किनाऱ्यावरच करावा, त्याचा ठसका बंद केबिनमधून दिवसेंदिवस जात नाही.

पावसाळ्याचा खर्च लोक विसरतात. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर लहान नौका सहसा पाण्याबाहेर काढून झाकून ठेवतात. तेव्हा क्रेनचे पैसे, जमिनीवर ठेवण्याचे भाडे आणि तेवढ्या काळातला आपला दुसरीकडचा मुक्काम हे पहिल्या वर्षापासूनच हिशेबात धरावे. तळ घासणे आणि शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग लावणे ही कामे त्याच वेळी, पाऊस संपताना नौका पाण्यात उतरवण्याआधी उरकून घ्यावीत, म्हणजे त्यासाठी क्रेनला पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत.