वादग्रस्त बेट की विवादित बेट?

प्रश्न असा आहे की पूर्व चीन समुद्रातल्या, जपानच्या ताब्यातल्या पण चीनही हक्क सांगतो त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मच्छीमार नौका आल्या वगैरे बातम्यांत कुणी 'वादग्रस्त बेटं' लिहितं, कुणी 'विवादित बेटं', तर मराठीत बरोबर काय?

सरळ उत्तर वादग्रस्त. 'विवादित' चूक नाहीये, संस्कृतात बसतो, पण आपल्याकडे तो बराचसा हिंदी बातम्यांतून आलाय आणि माझ्या कानाला तरी तो अजून पाहुण्यासारखाच वाटतो. तिसरा एक 'विवाद्य' आहे, पण तो मुद्द्याला लागतो, जागेला नाही. विवाद्य मुद्दा ठीक, विवाद्य खडक कोणी म्हणत नाही.

आता 'ग्रस्त' मधली गंमत बघा. ग्रस् म्हणजे गिळणे, आपला घास हा शब्द त्याच 'ग्रास' वरून आलाय. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, प्रकल्पग्रस्त, सगळीकडे कोणीतरी कशाच्या तरी तोंडात सापडलेलं असतं. सेनकाकूवर मात्र १९४० नंतर कोणी राहतच नाही, तिथल्या सगळ्यात मोठ्या उओत्सुरी बेटावर १९७८ मध्ये सोडलेल्या बकऱ्या तेवढ्या वाढल्या. म्हणजे बेटाला वादाचा काही त्रास नाही, खरे वादग्रस्त कोण तर तिथे जाळं टाकणारे. ७ सप्टेंबर २०१० ला एक चिनी ट्रॉलर जपानी तटरक्षक दलाच्या दोन गस्ती जहाजांना धडकला, कप्तानाला अटक झाली, बीजिंगमध्ये जपानी राजदूताला अपरात्री बोलावून घेतलं, १४ खलाशी १३ तारखेला सुटले पण कप्तान मात्र २४ ला सोडायचं ठरेपर्यंत आतच, आणि हे सगळं एका मासेमारी बोटीवरून.

पण खरी मेख पुढे आहे. 'वादग्रस्त' हा शब्दच इथे तटस्थ नाही! जपानची अधिकृत भूमिका अशी की सेनकाकूबाबत सार्वभौमत्वाचा वाद मुळात अस्तित्वातच नाही, बेटं आमची, विषय संपला. म्हणजे त्यांच्या लेखी ती 'वादातीत' बेटं. चीनला (आणि तैवानलाही) वाद आहे असंच म्हणायचंय, कारण ताबा जपानकडे आहे आणि वाद मान्य झाला की निम्मं काम झालं. आणि हेच जपान ताकेशिमा नावाच्या दुसऱ्या बेटांच्या बाबतीत उलट बोलतं, तिथे ताबा दक्षिण कोरियाकडे, ते त्याला दोक्दो म्हणतात आणि वादच नाही म्हणतात, तर जपान म्हणतं वाद आहे. ज्याच्या हातात बेट, त्याच्या शब्दकोशात वाद नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जपान आणि चीन या दोन्ही देशांनी चार कलमी सहमती जाहीर केली तेव्हाही हाच पेच होता. त्यात 'वाद' शब्दच नाही, अलीकडच्या तणावाबद्दल दोघांचं म्हणणं वेगळं आहे एवढंच. तेही जपानी मजकुरात 'वेगळी मतं' आणि चिनी मजकुरात जवळजवळ 'वेगळे दावे' असा शब्द, मत म्हटलं की हलकं होतं, दावा म्हटलं की जड. आणि मजा म्हणजे बेटं मूळचीच आमची हे सांगायला मात्र दोघंही चिनी लिपीतली तीच दोन चिन्हं वापरतात, फक्त जपानीत उच्चार कोयू आणि चिनीत गूयो.

तर विचारणाऱ्यांना माझं सुचवणं, रोजच्या बोलण्यात बिनधास्त वादग्रस्त म्हणा. बातमी किंवा लेख लिहीत असाल आणि बाजू घ्यायची नसेल तर थोडं लांबडं लिहा, 'जपानच्या ताब्यातली, चीन आणि तैवान ज्यांवर हक्क सांगतात ती बेटं'. नावाचंही तेच, सेनकाकू लिहिलं की जपानकडे झुकलात, द्याओयू लिहिलं की चीनकडे, म्हणून पहिल्यांदा दोन्ही द्या आणि मग कुठलंही एक धरून चाला. आणि कृपा करून 'विवादग्रस्त' लिहू नका, तेही वाचलंय मी परवा.