पगार वेळेवर, घरचे खूश, मग मी का नाही?

तुम्ही विचारलंय: "घरी सगळे खूश आहेत, हिंजवडीत नोकरी आहे, वय 23. तरी 'हेच का ते?' असं वाटत राहतं. या वयात समाधान ठरतं तरी कशावर?"

मी मानसशास्त्रातला नाही. परभणीहून एमपीएससीसाठी पुण्यात आलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. चार वर्षं अभ्यासिकेत घालवली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, मग नाद सोडून नोकरी धरली.

तेव्हा मानसशास्त्रात एमए करणाऱ्या रूममेटने आमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. आयुष्याबद्दलचं समाधान मोजणारी, मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची, 1985 ची. पाचच विधानं, प्रत्येकाला 1 ते 7 गुण; 20 म्हणजे ना धड सुखी ना दुःखी. मला 12 मिळाले. नोकरी लागल्यावर गंमत म्हणून परत भरली, तर 15. पहिला पगार हातात आणि आकडा हलला तीनाने!

पुढे तो हलला तो रविवारमुळे. पुण्यातल्या मेसला रविवारी रात्री सुट्टी असते, माहीतच असेल. आठवडाभर मांडीला मांडी लावून जेवणारी पोरं त्या रात्री पांगतात. कुणी वडापाव खातं, कुणी उपाशीच झोपतं. नोकरी लागल्यावर मी कोथरूडला वन आरके घेतला आणि माझा रोजच रविवार झाला. वर्षभराने पेठेतले दोघं दर रविवारी यायला लागले. पिठलं-भात, एकच कुकर, भांड्यांची पाळी ठरलेली (एकजण अजून चुकवतो). पगार तोच, साहेब तोच. पण सोमवारी उठायला जड जाईनासं झालं.

जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2000 साली 18 ते 25 या वयाला वेगळं नाव दिलं: ना पोरवय, ना पूर्ण मोठेपण. पण त्यांनी बोलतं केलेली पोरं अमेरिकेतली. दिवाळीत "मग, पुढे काय ठरवलंस?" विचारणारी आत्या त्यांना कुठली!

मला जास्त पटतात डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ. माणसाला तीन गोष्टी लागतात म्हणतात ते: निर्णय आपला असणं, हातातलं काम जमणं, कुणीतरी आपलं असणं. काम तुम्हाला जमत असणार. निर्णयाबद्दल शंका आहे, कारण प्रश्नाची सुरुवातच 'घरी सगळे खूश' अशी केलीत. आणि रविवारी रात्री कुणाबरोबर जेवता, ते लिहिलेलंच नाही.