भाडोत्री की स्वयंसेवक?

विचारणा अशी आहे: स्पेनच्या यादवीत (1936–39) बंडखोर सेनापती फ्रँकोविरुद्ध लढायला जे परदेशी गेले, त्यांना एका मराठी अनुवादात ‘भाडोत्री सैनिक’ म्हटलंय. हे चालेल का? आणि ‘स्वयंसेवक’ लिहावं, तर संमेलनाच्या मांडवात बिल्ला लावून खुर्च्या मांडणारी पोरं आठवतात, त्याचं काय करायचं?

‘भाडोत्री’ साफ चूक. माणूस परका आहे यावर तो शब्द ठरत नाही, पैशावर ठरतो. महादजी शिंद्यांची कवायती फौज उभारणारा डी बॉयन हा परका होता आणि पगारासाठी चाकरीत होता, त्याला खुशाल भाडोत्री म्हणा. स्पेनला जाऊन ‘आंतरराष्ट्रीय ब्रिगेड’ या परदेशी तुकड्यांत लढलेल्या सुमारे 35,000 जणांत खाणकामगार होते, गोदीतले मजूर होते, विद्यार्थी होते, हिटलर-मुसोलिनीच्या राज्यातून आधीच परागंदा झालेले होते. त्यांतले कित्येक पॅरिसमार्गे येऊन रात्री चोरवाटेनं फ्रान्स-स्पेन सीमेवरचा पिरेनीज पर्वत चढून उतरले आणि स्पेनमधल्या अल्बासेतेच्या तळावर पोचले. वेतन मिळे ते स्पॅनिश शिपायाइतकं. तेवढ्यासाठी कोण डोंगर ओलांडतो?

खरी गंमत ‘स्वयंसेवक’ या शब्दाची. मुसोलिनीनं फ्रँकोच्या मदतीला जी फौज धाडली, तिचं अधिकृत नावच ‘स्वयंसेवक दळ’ होतं! सरकारनं जहाजात भरून पाठवलेल्या पलटणींना हे नाव देण्याचं कारण उघड आहे: इटली या युद्धात उतरलेलीच नाही, असा देखावा करायचा होता. मार्च 1937 मध्ये ग्वादालाहाराच्या लढाईत हे ‘स्वयंसेवक’ आणि ब्रिगेडच्या गारिबाल्डी बटालियनमधले इटालियन समोरासमोर आले. ब्रिगेडच्या बाजूनं ध्वनिक्षेपक लावून इटालियनमध्येच पुकारा चालला, की बंदुका टाका आणि आमच्याकडे या. म्हणजे लिहिणाऱ्यानं नुसतं ‘इटालियन स्वयंसेवक’ लिहून भागत नाही, कोणाच्या बाजूचे ते सांगावंच लागतं.

आता मांडवातल्या पोरांची अडचण. इथं एक मराठी माणूस मदतीला येतो. नागपूरचे गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि तिथून ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन थेट स्पेनच्या आघाडीवर. 1938 मध्ये गांदेसाजवळ फ्रँकोच्या सैन्यानं त्यांना पकडलं. काही महिने कैदेत काढून ते सुटले, भारतात परतले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. एकाच माणसाला हा शब्द दोन टोकांच्या अर्थांनी लागू पडला, तेव्हा तो इतका पातळ झालेला नाही.

‘स्वयंसैनिक’ हाही पर्याय कुणी सुचवेल. व्याकरणात बसतो, पण कानाला ठेचकाळतो. मी पहिल्या उल्लेखाला ‘स्वखुशीनं लढायला आलेले परदेशी स्वयंसेवक’ लिहीन आणि पुढे नुसतं ‘स्वयंसेवक’.

जाता जाता, ‘आंतरराष्ट्रीय ब्रिगेड’ तसंच ठेवा, अनेकवचनी ‘ब्रिगेडच्या तुकड्या’ म्हणा. ‘ब्रिगेडी’ मात्र नको, आजच्या मराठीत त्यावरून भलतंच भांडण लागेल.